तीनशे की दोन हजार?

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात मावशीचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. म्हणजे नेहमीच्याच जागी :-) मावशी एरवी फोनवर इतक्या मोठ्याने बोलते की फोनची गरजच नसावी. त्या दिवशी मात्र अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे, तुमच्या कंपनीत पण लघवी तपासतात का रे?"

झालं होतं असं. माझा मावसभाऊ डोंबिवली पूर्वेचा. वय २३, इंजिनिअरिंग संपून वर्ष झालेलं, आणि पहिलीवहिली ऑफर हातात. क्लायंट म्हणे अमेरिकन बँक, त्यामुळे बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनमध्ये पत्ता, मार्कशीट, पोलीस यांच्या जोडीला ड्रग टेस्टही. कल्याणला एका कलेक्शन सेंटरवर जाऊन पोराने बाटलीत नमुना दिला आणि घरी येऊन फराळ खाल्ला. तिसऱ्या दिवशी मेल आली. पाच पैकी चार ड्रग्ज निगेटिव्ह, ओपिएट्स पॉझिटिव्ह, सबब ऑफर मागे घेण्यात येत आहे, आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा वगैरे.

ओपिएट्स म्हणजे अफूच्या घराण्यातले पदार्थ. मॉर्फिन, कोडीन, हेरॉईन. हा पोरगा साधी सुपारी खात नाही. पण काका (आयुष्य एमआयडीसीतल्या कारखान्यात काढलेला, कागदावर छापून आलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास असलेला माणूस) त्या दिवसापासून गप्प झाले. पोरगा अंघोळीला गेला की त्याचं कपाट उघडून बघायला लागले. मावशीने हे मला सांगितलं तेव्हा नोकरी गेल्याचं दुःख तिच्या आवाजात नव्हतंच. होतं ते या कपाटाचं.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. मुद्दा असा की त्या रिपोर्टवर "पॉझिटिव्ह" हा शब्द होता, आणि आकडा नव्हता. मी भावाला म्हटलं, एचआरला एकच प्रश्न विचार. कट-ऑफ किती होता? तीनशे की दोन हजार? उत्तर आलं, "टेस्ट कंपनीच्या स्टँडर्ड पॉलिसीनुसार झाली आहे." म्हणजे उत्तर आलंच नाही.

हा एक आकडा इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. त्यासाठी आधी ती पट्टी काय करते ते बघू.

झटपट ड्रग टेस्टची पट्टी दिसायला प्रेग्नन्सी टेस्टसारखी किंवा कोविडच्या घरगुती किटसारखीच असते. एक कंट्रोलची रेघ, एक टेस्टची. पण लॉजिक बरोब्बर उलटं! कोविड किटवर दोन रेघा आल्या की आपण घाबरायचो. इथे टेस्टची रेघ उमटली तर निगेटिव्ह आणि रेघ गायब झाली तर पॉझिटिव्ह. पट्टीवर त्या ड्रगचा अंश आधीच चिकटवलेला असतो आणि रंगीत अँटीबॉडी त्याच्याकडे धावत असतात. लघवीत तेच ड्रग पुरेसं असेल तर ते वाटेतच या अँटीबॉडींना पकडतं, त्या पट्टीपर्यंत पोचत नाहीत आणि रेघ उमटत नाही. शिवाय पुसटशी रेघ आली तरी ती निगेटिव्हच धरायची, असं किटच्या कागदावर लिहिलेलं असतं. कंट्रोलची रेघच नसेल तर टेस्ट बाद. आता मला सांगा, ऑनलाईन किट मागवून बाथरूमच्या दिव्यात पोराची पट्टी बघणाऱ्या किती आईबापांनी तो बारीक टायपातला कागद वाचला असेल?

आता "पुरेसं" म्हणजे किती? तोच कट-ऑफ, मराठीत उंबरठा. एक मिलिलिटर लघवीत अमुक इतके नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. आणि हा उंबरठा निसर्गाने घातलेला नाही, माणसांनी बसून ठरवलेला आहे. ज्यांनी सर्व्हरचे अलर्ट लावलेत त्यांना हे लगेच कळेल. थ्रेशोल्ड खाली ठेवला तर रात्री दोन वाजता उगाच फोन वाजतो, वर ठेवला तर सर्व्हर शांतपणे मरतो आणि कोणालाच कळत नाही. बरोबर आकडा असा नसतोच. कोणती चूक तुम्हाला जास्त परवडते, एवढंच तुम्ही ठरवता.

अमेरिकेने हे कसं ठरवलं ते बघण्यासारखं आहे, कारण आपल्या कंपन्या टेस्ट त्यांच्याच नावाने करतात. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी पहिले नियम १९८८ साली आले. गांजासाठी सुरुवातीला १०० नॅनोग्रॅमची मर्यादा होती, १९९४ मध्ये ती ५० वर आणली. कोकेनची ३०० ची २०१० मध्ये १५० केली, अँफेटामाईनची १००० ची ५००. सगळे आकडे खाली आले. ओपिएट्सचा मात्र उलटा वर गेला. आधी ३०० होता, १९९८ च्या शेवटी तो थेट २००० केला. कारण काय, माहीत आहे? खसखस!

हो, तीच. खसखस म्हणजे अफूचंच बी. बियांमध्ये नशा नसते, पण बोंडातल्या चिकाचा अंश बियांना लागून राहतो आणि त्यात मॉर्फिन, कोडीन असतं. अमेरिकेत बेगलवर आणि केकमध्ये खसखस घालतात, आणि ३०० च्या उंबरठ्यावर ती नाश्ता करणारी माणसं अडखळून पडत होती. हे अजून संपलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखशीचे पदार्थ टाळा असा सल्ला दिला आणि २०२४ मध्ये कोडीनची मर्यादा २००० वरून ४००० केली. आखातात तर खसखस नेणंच गुन्हा आहे. दुबईला जाणाऱ्याच्या बॅगेतून आई शेवटच्या क्षणी मसाल्याचं पाकीट काढून घेते ते उगाच नाही.

आणि आपलं स्वयंपाकघर? मटणाच्या वाटणात खसखस, लाडवात खसखस, खसखशीची खीर. आणि दिवाळीत अनारसे, ज्यांची एक बाजू अख्खी खसखशीत थापलेली. मावशीचे अनारसे आमच्या खानदानात प्रसिद्ध आहेत. फडके रोडवर दिवाळी पहाटेला मिरवून घरी आल्यावर पोराने किती खाल्ले ते त्यालाही आठवत नाही. त्यात फटाक्यांच्या धुराने खोकला झाला म्हणून घरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं सिरप, आणि त्या बाटलीवर स्वच्छ लिहिलेलं, कोडीन.

बाजारात ओपिएट्सच्या दोन्ही पट्ट्या मिळतात, ३०० वाली आणि २००० वाली. एकाच बाटलीत दोन्ही बुडवल्या तर एक म्हणू शकते "व्यसनी" आणि दुसरी "जा, जॉईन हो". म्हणून तर मी आकडा विचारत होतो.

पॉझिटिव्ह तीन प्रकारे फसवतं. पहिला प्रकार, टेस्टच चुकते. अँटीबॉडी रेणूचा आकार बघते, नाव नाही. आकार थोडा जुळला तरी ती फसते. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स काही टेस्टमध्ये ओपिएट्ससारखी दिसू शकतात, हे २००१ सालीच छापून आलं आहे. ॲसिडिटीची रॅनिटिडीन, ब्लडप्रेशरची लॅबेटालॉल, सर्दीची स्यूडोएफेड्रीन यांच्यामुळे अँफेटामाईन दिसू शकतं. सर्ट्रालीनमुळे झोपेच्या गोळ्यांचा गट पॉझिटिव्ह येऊ शकतो. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात फ्रिजवरच्या डब्यात यातलं काही ना काही असतंच.

दुसरा प्रकार, टेस्ट बरोबर पण निष्कर्ष चूक. माझ्या भावासारखा. कोडीन होतं, पण डॉक्टरने दिलेलं होतं.

तिसरा प्रकार, टेस्ट बरोबर पण वेळ चूक. गांज्याची पट्टी जे शोधते ते नशा उतरल्यावर शरीरात उरलेलं अवशेष-रसायन असतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडे सापडू शकतं. बनारसला सरकारी परवान्याच्या दुकानातली भांग ठंडाईतून पिऊन आलेला माणूस पुढच्या सोमवारी ठाण्यात शुद्धीवर, इस्त्रीच्या शर्टात, पॉझिटिव्ह निघू शकतो. गंमत म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येतच नाहीत (राज्यांचे नियम वेगळे, तो भाग सोडा). पट्टीला पान आणि फूल यातला फरक कळत नाही.

दारूशी तुलना करून बघा. ३१ डिसेंबरच्या रात्री नाक्यावर पोलीस फुंकायला लावतात, तेव्हा त्या मशीनच्या मागे मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम असतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आकडा कायद्यात आहे आणि तो आत्ताच्या दारूबद्दल आहे. त्याच कलमात ड्रग्जसाठी आकडा नाही, गाडी ताब्यात ठेवता येणार नाही इतका अंमल असला पाहिजे, एवढंच म्हटलंय. म्हणजे तुमच्या लघवीचा उंबरठा ठरवते ती किटच्या डब्यावरची छपाई.

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीचं आहे. समजा एका कंपनीत २००० पोरं जॉईन होतायत. २०१९ साली केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल आला. त्यात १० ते ७५ वयोगटात वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेल्यांचं प्रमाण २.८ टक्के होतं. आपण ढोबळ ३ टक्के धरू. म्हणजे ६० जण घेणारे, १९४० न घेणारे. किट दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे असंही धरू. ६० पैकी ५७ सापडले. शाब्बास. आणि १९४० पैकी ५ टक्के, म्हणजे ९७ जण उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १५४, त्यातले ९७ निर्दोष. "९५ टक्के अचूक" किटने पकडलेल्या दर तीन माणसांमागे जवळजवळ दोन जण निरपराध! आणि हे फक्त एका पट्टीचं. पाच पट्ट्यांपैकी प्रत्येक जरी शंभरात एकदाच चुकत असली, तरी शंभर निर्दोष माणसांतले पाचेक जण कुठल्या ना कुठल्या पट्टीवर पडणार.

"मग परत टेस्ट करायची, हाय काय नि नाय काय" असं कोणी म्हणेल. पण त्याच किटने परत टेस्ट करणं म्हणजे बग असलेली टेस्ट केस पुन्हा रन करणं. पहिल्यांदा ज्या गोळीने फसवलं तीच दुसऱ्यांदाही फसवणार. वेगळ्या तत्त्वावरची टेस्ट लागते. जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस नावाची यंत्रं रेणू वेगळे करून, त्यांचं वस्तुमान मोजून, नावानिशी ओळखतात. अमेरिकेतल्या सरकारी पद्धतीत पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की ही दुसरी करावीच लागते. मग एक डॉक्टर त्या माणसाला फोन करून विचारतो, बाबा रे, कुठली औषधं घेतोस? नमुन्याचे सुरुवातीलाच दोन भाग केलेले असतात, म्हणजे माणसाला वाटलं तर दुसरा भाग वेगळ्या लॅबमध्ये तपासून घेता येतो. हे सगळं झाल्यावर मालकाला कळवतात.

आपण यातलं काय घेतलं? बाटली. बाकी सगळं महाग, वेळखाऊ, कशाला पाहिजे! परीक्षेत पहिल्या पानाची कॉपी करून बाकीची पानं कोरी सोडणाऱ्या मुलासारखं हे झालं.

खर्चाचं कारण तर मुळीच सांगू नका. दुसरी टेस्ट २००० जणांची करायची नाहीये, १५४ जणांची करायची आहे. ९७ निर्दोष पोरांच्या पहिल्या नोकरीपुढे ती रक्कम कंपनीला जड जाते, असं जिला म्हणायचं असेल तिने ते ऑफर लेटरमध्ये लिहावं.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ही जास्त भीतीदायक आहे. निगेटिव्ह.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात पोलिसांच्या बातम्यांत सारखं येणारं नाव म्हणजे एमडी, मेफेड्रोन. २०१५ मध्ये ते एनडीपीएसच्या यादीत आलं. दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमला व्यावसायिक. (हाही एक उंबरठा. पण तो जप्त मालाच्या वजनाचा, लघवीतल्या अंशाचा नाही. गप्पांत लोक दोन्हीची खिचडी करतात.) तर हे एमडी नेहमीच्या पाच पट्ट्यांच्या किटमध्ये नसतं. अँफेटामाईनची पट्टी त्याला भरवशाने पकडत नाही. एलएसडी नाही, ट्रामाडोल नाही. म्हणजे ज्या बापाने धीर करून किट मागवलं, पोराशी भांडून नमुना घेतला आणि पाचही रेघा बघून "सुटलो" म्हणून देवाला नमस्कार केला, त्याने आपल्या गावात विकलं जाणारं ड्रग तपासलेलंच नाही. त्याने त्याच्या अँटीव्हायरसमध्ये जेवढी नावं होती तेवढीच शोधली.

३१ डिसेंबर २०२३ ला पहाटे ठाणे पोलिसांनी घोडबंदर रोडवर कासारवडवलीला खाडीकाठच्या एका पार्टीवर छापा घातला. ९५ जण ताब्यात घेऊन वैद्यकीय तपासणीला नेले, आयोजक दोघांना अटक झाली. जप्त मालात गांजा, चरस यांच्याबरोबर एलएसडीही होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच न्यायनिवाडा सुरू! "किट लावा, पॉझिटिव्ह आला की आत टाका." सुशिक्षित माणसं, त्यात दोन डॉक्टर. कायद्याचं २७ कलम सेवनालाही शिक्षा सांगतं, पदार्थ बघून सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणूनच तिथे लॅबचा कागद लागतो, नुसती रेघ नाही. त्याच कायद्यात ६४अ कलमही आहे. व्यसनी माणूस अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. ग्रुपवर एकानेही हे लिहिलं नाही.

आणि प्रयोगशाळेची पायरी किती महत्त्वाची, त्याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये एनसीबीने राज्यातल्या एका मंत्र्याच्या जावयाला गांजाच्या प्रकरणात अटक केली. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आला तेव्हा १८ पैकी ११ नमुन्यांत गांजा नव्हता. जामीन मिळाला सप्टेंबरमध्ये, आठ महिने आत काढून झाल्यावर. ती टेस्ट मालाची होती, लघवीची नव्हे, हे मान्य. पण "वाटतं" आणि "आहे" यांच्यातलं अंतर तेच. तो मोठ्या घरचा होता म्हणून आपल्याला कळलं. डोंबिवलीच्या पोराची बातमी होत नाही.

कोणी म्हणेल, ड्रग्ज घेणाऱ्यांचा एवढा पुळका का? पुळका मुळीच नाही. माझ्या शाळेतला एक मित्र याच्यातच गेला, त्याच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. उलट म्हणूनच म्हणतो, टेस्ट गंभीरपणे करा. किट वाईट नाही. पाच मिनिटांत, काही शे रुपयांत ते "इथे जरा नीट बघा" असं सांगतं, आणि एवढंच सांगणं त्याचं काम आहे. त्याला न्यायाधीश आपण केलं. स्पॅम फिल्टर चुकून लग्नाची पत्रिका स्पॅममध्ये टाकतो, म्हणून आपण नवऱ्यामुलावर केस करतो का?

तेव्हा माझं म्हणणं असं. रिपोर्टवर कट-ऑफचा आकडा छापलेला नसेल तर तो रिपोर्टच नव्हे, तो परत पाठवा. नमुना देण्याआधी महिन्याभरातली औषधं लेखी विचारा. नमुन्याचे दोन भाग करून एक जपून ठेवा. पॉझिटिव्ह आला तर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस झाल्याशिवाय आणि डॉक्टर त्या माणसाशी बोलल्याशिवाय मालकाला, बापाला, सोसायटीला, कोणालाही शब्द कळवू नका. आणि तुम्ही जॉईन होणारे असाल तर प्रिस्क्रिप्शनचा फोटो आधी मेल करून ठेवा. लाजू नका. एचआरमध्ये काम करणारे माझे मित्र हे वाचतात (निदान तसं सांगतात). त्यांना विनंती, सोमवारी आपल्या व्हेंडरला एकच मेल टाका आणि माझ्या भावाने विचारलेला प्रश्न विचारा.

त्याचं पुढे काय झालं? स्वतःच्या खिशातले पैसे घालून दहा दिवसांनी त्याने मोठ्या लॅबमध्ये टेस्ट केली. सगळं स्वच्छ. पण तो नवा नमुना. जुना टाकून दिला होता. त्यामुळे सिरप की अनारसे की किटचीच चूक, हे आता कधीच कळणार नाही, आणि कंपनीला नवा कागद बघण्यात रस नव्हता. पाच महिन्यांनी त्याला दुसरीकडे नोकरी लागली, आता रोज सकाळच्या फास्टला लटकतो. काका त्याच्याशी बोलतात. कपाटाचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नाही.

यंदाच्या दिवाळीत मी मावशीकडे गेलो तेव्हा फराळाच्या ताटात अनारसे होते. खसखस लावलेली नव्हती. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. दोन खाल्ले. चव तीच नव्हती.

असो. लेख लांबला. पुढच्या वीकांताला काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो.